सोलापूरच्या डेव्हलपरांनी तुझ्या साइटवर परत का यावं?

नमस्कार ताई,

मी जुळे सोलापुरात राहतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून तीन वर्षं झाली. इथल्याच एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करतो. बॅचमधले निम्म्याहून जास्त जण पुण्याला गेले, काही बंगळूरला. घरची परिस्थिती बघून मी इथेच थांबलो. मराठी सॉफ्टवेअर डेव्हलपरांची स्वतःची सोशल नेटवर्किंग साइट असावी, असं मला कॉलेजपासून वाटतं. गेलं वर्षभर रात्री जागून ती बांधली. प्रोफाइल, फॉलो, फीड, लाइक, चॅट, स्टोरी, सगळं आहे. बॅचच्या ग्रुपवर लिंक टाकली तेव्हा साठेक जणांनी खातं उघडलं, कौतुक केलं, नंतर कोणी फिरकलं नाही. आता व्हिडिओ कॉल आणि मोबाइल ॲप केलं तर लोक येतील असं वाटतं, पण ते नोकरी सांभाळून होणार नाही. नोकरी सोडू का? वडील यंत्रमागावर कामाला होते. त्यांना यातलं काही कळत नाही, रोज विचारतात, याचे पैसे कधी येणार?

– एक वाचक, जुळे सोलापूर

नोकरी सोडू नकोस आणि व्हिडिओ कॉलला हात लावू नकोस. ही दोन उत्तरं आधी देते, कारण पत्रावरून राजीनाम्याचा विचार बराच पुढे गेलेला दिसतो. आता कारणं सांगते, आणि ही साइट कशी उभी राहू शकेल तेही सांगते. ती उभी राहावी असं मला मनापासून वाटतं.

साठ जणांनी खातं उघडलं ते तुझ्या शब्दाखातर. परत यायला मात्र त्यांचं स्वतःचं काहीतरी काम तिथे असायला हवं होतं. त्यांच्यातल्या एकाचा विचार कर. मंगळवारी रात्री दहाला तो पुण्यात हिंजवडीच्या खोलीवर लॅपटॉप उघडून बसलाय. गप्पा मारायला त्याच्याकडे व्हॉट्सॲप आहे, नोकरी बघायला लिंक्डइन, कोड ठेवायला गिटहब, स्टोरी टाकायला इन्स्टाग्राम. तुझ्या साइटवर यातलं सगळं थोडं थोडं आहे आणि माणसं नाहीत. मग त्याने कशासाठी यावं?

गूगल प्लस ही गूगलची सोशल नेटवर्किंग साइट आली तेव्हा तू शाळेत असशील. २०११ मध्ये गूगलने ते सुरू केलं, तेव्हा पैसा, इंजिनिअर, सर्व्हर, जीमेलची तयार खाती, कशाचीही वाण नव्हती. तू जो करायचा म्हणतोस तो व्हिडिओ कॉलही सुरुवातीपासून होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते बंद करायची घोषणा करताना गूगलनेच सांगितलं की तिथली ९० टक्के सेशन्स पाच सेकंदांपेक्षा कमी वेळाची होती. लोक चुकून आल्यासारखे यायचे आणि निघून जायचे. एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी ते बंद झालं. त्यांना जे फीचर वाढवून जमलं नाही ते तुला रात्री जागून जमणार नाही, आणि त्यात तुझ्या कसबाचा काही दोष नाही.

जी चालली ती कशी चालली ते बघ. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं. चांगलं होतं, पण स्वतःच्या सर्व्हरवर बसवून चार जणांनी मिळून वापरायचं म्हणजे कटकट होती. २००८ मध्ये गिटहबने ती कटकट संपवली. जगात दुसरं कोणी तिथे नसतं तरी एकट्या माणसाला स्वतःचा कोड तिथे ठेवण्यात फायदा होता. दुसऱ्याचा कोड बघणं, फोर्क करणं म्हणजे त्याची स्वतःची प्रत काढणं, फॉलो करणं हे त्या कामाच्या अंगाने आलं. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइटही त्याच वर्षीची, पण तिचा रस्ता वेगळा. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की हे दोघं आधीपासून प्रोग्रामरांसाठी लिहीत होते, त्यांना मोठा वाचकवर्ग होता. साइट उघडली तेव्हा प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोन्ही दारात उभे होते. बेन हॅल्पर्न यांनीही आधी 'द प्रॅक्टिकल डेव्ह' हे ट्विटर खातं चालवून लोक जमवले, डेव्ह ही डेव्हलपरांची साइट त्यानंतरची.

तुझ्यामागे असा वाचकवर्ग नाही. त्यामुळे तुला गिटहबचाच रस्ता उरतो: एकट्या माणसाला उपयोग होईल असं एक काम धर, आणि ओळखीपाळखी त्या कामातून वाढू दे.

ते काम कोणतं, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे, कारण ती उणीव तू रोज सोसतोस. सोलापुरात राहून काम करणाऱ्या मुलामुलींना शेजारी बसणारा सीनियर मिळत नाही. पुण्यातल्या बऱ्या कंपनीत नवा मुलगा पुल रिक्वेस्ट टाकतो, म्हणजे आपला बदल तपासायला पाठवतो, आणि दहा वर्षं याच कामात घालवलेलं कोणीतरी त्याला सांगतं की बाबा, ही डेटाबेसची क्वेरी लूपमध्ये, म्हणजे दर ऑर्डरला पुन्हा, चालली आहे, दहा ऑर्डर असतील तोवर ठीक, हजार आल्या की साइट बसेल. इथे तीन-चार जणांच्या ऑफिसात, किंवा घरून फ्रीलान्सिंग करताना, तोच कोड तसाच क्लायंटकडे जातो. चालतोय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटत राहतं. मग तीन वर्षांनी मुलाखतीत कोणी विचारतं की इंडेक्स का लावला, इथे ट्रान्झॅक्शन का नाही, आणि उत्तर येत नाही. मुलगा घरी येऊन म्हणतो, मी कमी पडलो. तो कमी नसतो. त्याला कोणी दाखवलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही मुलं मेहनतीत कुठे मागे नाहीत.

आणि ज्यांनी दाखवायचं ते सीनियर सोलापूरचेच आहेत. वालचंद, ऑर्किड, पंढरपूरची स्वेरी अशा इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेले, आज पुण्यात मगरपट्ट्यात, खराडीत, नाहीतर बंगळूरला बसलेले. गावासाठी काहीतरी करावं असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटतं. काय करायचं हे त्यांना कोणी नेमकं सांगत नाही. 'आठवड्यातून अर्धा तास काढा आणि एका मुलाचा कोड बघा' हे नेमकं आहे, करता येण्यासारखं आहे.

तू म्हणशील, कोड तपासायला आता एआय आहे. आहे, आणि ते कामाचंही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न झपाट्याने घटले. म्हणूनच तू प्रश्नोत्तरांची साइट करू नयेस. 'हा एरर का येतोय' एवढ्यासाठी आता कोणी माणसाची वाट बघत बसणार नाही. पण एआयने लिहून दिलेल्या चारशे ओळी समोर घेऊन बसलेल्या मुलीला त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, क्लायंटने अर्धे पैसे अडवले तर पुढचं काम द्यायचं का, कंपनी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून मागतेय तर सही करायची का, हे आपल्याच वाटेने पुढे गेलेल्या माणसाला विचारायचं असतं.

तर साइटचं पहिलं पान फीडचं नको. तिथे एकच चौकट असू दे: माझा कोड कोणीतरी बघा. कोड दीडशे ओळींच्या आत, तो काय करतो हे दोन वाक्यांत, आणि शंका नेमकी कुठे आहे ते एका वाक्यात. शंकेचा रकाना सक्तीचा ठेव. 'कसा वाटला सांगा' असा कोड आला की तपासणाऱ्याचा उत्साह जातो. तीन दिवसांत उत्तर मिळेल असं ठळक लिही, आणि ते पाळ. पहिले काही महिने कोणाचा कोड कोणाकडे द्यायचा हे तू स्वतः जुळव. फोन कर, मेसेज कर, आठवण दे. त्यासाठी प्रोग्राम लिहायच्या फंदात पडू नकोस. माणसं कुठे अडतात, कोण कुणाशी जुळतं, हे हाताने जुळवतानाच कळेल, आणि पुढे काय प्रोग्राम करायचं तेही त्यातूनच ठरेल.

लाइकचं बटण काढून टाक. त्याच्या जागी कोड विचारणाऱ्याला एक बटण दे: 'हे बदललं'. तपासणाऱ्याने सुचवलेलं करून त्याने नवा कोड चढवला की तपासणाऱ्याला ते जुनं आणि नवं शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. यावर मी मुद्दाम थांबते, कारण अशा साइटवर शिकणारे सहज येतात आणि शिकवणारे गळतात. दिवसभर कोडच बघून थकलेल्या माणसाने रात्री पुन्हा कोणाचा तरी कोड फुकट बघायचा असेल, तर आपल्या अर्ध्या तासाने काय झालं हे त्याला दिसायला हवं. टाळ्या, बॅज, गुणांक यांची भूल थोडे दिवस टिकते. आपण सांगितलेलं एखाद्या मुलाने समजून घेतलं आणि केलं, हे डोळ्यांनी दिसलं की माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळ काढतो. फॉलो ठेव, एकदा तपासणी झाली की त्या दोघांनी एकमेकांना फॉलो करण्याला अर्थ येतो.

मोजायचं असेल तर खाती मोजू नकोस. एकदा कोड तपासून घेतलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या महिन्यात दुसरा कोड घेऊन आले, आणि तपासणाऱ्यांपैकी किती टिकले, एवढेच दोन आकडे लिहून ठेव.

तांत्रिक बाजूचं तुला फार सांगायला नको. फॉलोसाठी दोन रकान्यांचं एक टेबल, दोन्ही मिळून प्रायमरी की, उलट दिशेने एक इंडेक्स. फीड उघडताना एका क्वेरीने काढ. प्रत्येक पोस्ट आधीच प्रत्येक फॉलोअरच्या यादीत लिहून ठेवायची पद्धत ट्विटरला लागली कारण तिथे कोट्यवधी माणसं होती; हजार-दोन हजारांना पोस्टग्रेससारखा साधा डेटाबेस पुरून उरतो. पुढची पानं ऑफसेटने, म्हणजे 'पहिल्या इतक्या सोडून पुढच्या' असं मोजून, मागवू नकोस, मध्येच नवी पोस्ट आली की जुनी पुन्हा दिसते. शेवटच्या पोस्टच्या आयडीवरून पुढचं माग. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता बीक्रिप्ट किंवा आर्गॉनटू या पद्धतींनी हॅश करूनच ठेव. कोडच्या चौकटीतला मजकूर दाखवण्याआधी स्वच्छ कर. डेव्हलपरांची साइट म्हटल्यावर कोणीतरी पहिल्या आठवड्यात स्क्रिप्ट टॅग, म्हणजे दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल असा कोड, टाकून बघणारच.

गिटहबने लॉगिन देणार असशील तर नाव आणि ईमेलपुरतीच परवानगी माग. 'रेपो' (कोडचा साठा) ही परवानगी मागितलीस तर त्या माणसाच्या खासगी कोडवरही लिहिण्या-वाचण्याचा पूर्ण अधिकार तुझ्या सर्व्हरकडे येतो. तो तुला नको आहे, आणि समंजस डेव्हलपर ते वाचून माघारी जाईल. ईमेलने लॉगिनही ठेव. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे गिटहबचं खातं असेलच असं नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे लोक कोड चिकटवताना त्यात डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली (की) तशीच ठेवतात. सेव्ह करण्याआधी असा मजकूर शोधणारी तपासणी लाव आणि सापडलं तर तिथेच थांबव. आणि चौकटीच्या वर मोठ्या अक्षरांत लिही की कंपनीचा कोड इथे टाकू नका. नोकरीच्या करारात गुप्ततेचं कलम असतं. तुझ्या साइटमुळे कोणाची नोकरी गेली तर गावात पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. अडलेला भाग वेगळा काढून, नावं बदलून, छोटासा नमुना करून विचारायचा, हे त्यांना शिकव. असा नमुना करता करता निम्म्या शंका सुटतात.

शोध मराठीत चालायला हवा असेल तर 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' असे शब्द आधी तपासून बघ. यातला ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, र खाली नुक्ता देऊन, आणि र, हलन्त व झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह मिळून. पडद्यावर सारखाच दिसतो, डेटाबेसला वेगळा वाटतो, आणि शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत, पहिल्या दोन तऱ्हा एक करतं. तिसरी तुला स्वतः बदलून घ्यावी लागेल. शिवाय निम्मे लोक रोमन लिपीतच मराठी लिहितील. लिहू देत.

चॅट काढून टाक. एखाद्या मुलीने खातं उघडलं आणि दुसऱ्या दिवशी तिला अनोळखी माणसांचे 'हाय' आले, तर ती परत येणार नाही आणि मैत्रिणींनाही सांगेल. लग्नानंतर सोलापुरात राहून, किंवा मूल लहान असताना घरून काम करणाऱ्या मुलींना या तपासणीचा सगळ्यात जास्त उपयोग आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यासाठी जागा सुरक्षित नसेल तर ती कोणासाठीच धड नाही. सगळं बोलणं कोडखाली, सर्वांना दिसेल असं. फोन नंबर मागूच नकोस, फोटो ऐच्छिक ठेव. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. सध्या तो अधिकारी तूच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेली मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. म्हणून सध्या खातं १८ पूर्ण झालेल्यांनाच.

'मराठी डेव्हलपरांसाठी' हा पल्ला आत्ता लांबचा आहे. सोलापूर जिल्ह्यापासून सुरू कर: शहर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, आणि इथून बाहेर गेलेले. फेसबुक २००४ मध्ये एका हार्वर्डपुरतं उघडलं होतं, पुढची विद्यापीठं नंतर. ओळखीचं माणूस ओळखीच्याच्या कोडला उत्तर देतं. शिवाय सोलापूर म्हटलं की पूर्व भागातला घरी तेलुगू बोलणारा मुलगा आला, कन्नड बोलणारी मुलगी आली, उर्दू बोलणारी आली. कॉलेजात ही सगळी मराठीत बोलतात. साइटची भाषा मराठी असू दे, दाराशी मराठीपणाची अट नको.

सुरुवात करायला जानेवारी चांगला. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी बाहेरगावचे पुष्कळ सोलापूरकर घरी येतात. त्या आठवड्यात दहा सीनियर आणि वीस मुलं एका संध्याकाळी प्रत्यक्ष बसव, हुरड्याचे दिवस असतात, कोणाच्या तरी शेतावर जा. समोरासमोर एकेक कोड बघून झाला की साइटवर बोलायला संकोच राहत नाही.

आता नोकरीचं. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर पॉवरसेट नावाच्या कंपनीत नोकरी करत गिटहब बांधत होते. २००८ मध्ये साइट सर्वांसाठी खुली झाली, खासगी रेपोसाठी लोक पैसे मोजू लागले, आणि त्यानंतर, मायक्रोसॉफ्टने पॉवरसेट विकत घेतली तेव्हा, त्यांनी नोकरी सोडली. बाहेरची पहिली मोठी गुंतवणूक, १० कोटी डॉलरची, गिटहबने २०१२ मध्ये घेतली; तोवर स्वतःच्या कमाईवर चाललं. तुझ्याकडे आज पैसे देणारं कोणी नाही. मी सांगितलेलं पान तू दोन शनिवार-रविवारांत बांधशील, सर्व्हरचा खर्च पगारातून निघेल. पुढे पैसे येतील तर ते इथल्या कंपन्यांकडून येतील असं मला वाटतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना ऑनलाइन विक्रीसाठी, हिशेबासाठी डेव्हलपर लागतात, आणि भरवशाचा कोण हे त्यांना कळत नाही. ज्याचं काम जाणत्यांनी पाहिलंय असा मुलगा तिथे सापडत असेल तर ते जाहिरातीचे पैसे देतील. मुलांकडून मात्र घेऊ नकोस.

वडिलांना यातलं कळत नाही असं तू लिहिलंस. तू त्यांना चॅट आणि स्टोरी दाखवली असशील. मागावर नवा माणूस आला की त्याला जुन्याशेजारी उभं करतात, तुटलेला धागा कसा जोडायचा ते तो बघून शिकतो. डेव्हलपरांना तशी जागा करून देतोय, एवढं सांग, त्यांना लगेच कळेल. पैशाच्या प्रश्नालाही सरळ उत्तर दे: वर्षभर येणार नाहीत, महिन्याचा खर्च इतका, तो माझ्या पगारातून, नोकरी चालू राहील, आणि रात्री बारानंतर जागणार नाही. शेवटचं पाळ. त्यांची खरी काळजी तीच असणार.

एक काम याच आठवड्यात कर. त्या साठ जणांना मेल पाठव: चॅट आणि स्टोरी अमुक तारखेला बंद होतील, कोणाला आपला मजकूर उतरवून घ्यायचा असेल तर ही लिंक, त्यानंतर तो सर्व्हरवरून आणि बॅकअपमधूनही कायमचा पुसला जाईल. त्याच मेलमध्ये नवीन पानाबद्दल लिही, आणि पुण्या-बंगळूरला असलेल्यांना विचार की महिन्यातून दोन कोड बघशील का. 'हो' म्हणणारे पाच-सहा निघाले तरी पुरे. तारीख उलटली की खरोखरच पुस, आणि पुसल्याचं त्यांना कळव.